पत्र्यावरचा सुतार

भुताच्या शोधाला पहिल्यांदा निघालेला माणूस परत येतो तेव्हा तो पूर्वीचा राहिलेला नसतो. जगणं आणि मरणं यांच्यामधली जी रेघ आपण पक्की समजून चालतो, तिच्यापाशी तो घटकाभर उभा राहून आलेला असतो. निमगावकर मास्तरांना हे सगळं मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच असे की, या कामाला जेवून निघावं.

"रिकाम्या पोटी माणसाला काहीही दिसतं," ते म्हणत. "भरल्या पोटी दिसलं, तर ते बघण्यासारखं असतं."

मी बेलापूरच्या शाळेत धाकटा शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा लढाई चालू होती, रॉकेल कंट्रोलमध्ये गेलं होतं आणि निमगावकर मास्तर शाळेचे हेडमास्तर होते. नगरहून येताना मी पुस्तकांची एक ट्रंक आणि खेड्यातल्या अज्ञानाविषयी काही ठाम मतं बरोबर आणली होती. मिळालेली खोली इतकी लहान होती की दोन्ही मावणं कठीण होतं.

मास्तरांना आम्ही शिक्षक मंडळी नाना म्हणत असू. ते उंच होते आणि उंचीबद्दल माफी मागितल्यासारखे थोडे वाकून चालत. बंद गळ्याचा कोट, त्याची सगळी बटणं उन्हाळ्यातही लावलेली, आणि हातात छत्री. छत्री ते पावसापेक्षा नकाशावर नद्या दाखवायला जास्त वापरत. कोणी बोलू लागलं की ते उजवा हात कानामागे नेऊन ऐकत. त्यांचे कान उत्तम होते. मागच्या बाकावरची कुजबुज त्यांना फळ्याकडे तोंड करूनही कळे. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "ऐकू येतंच हो. पण हात नेला की बोलणाऱ्याला बरं वाटतं, आणि तो जरा कमी थापा मारतो."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे: "बघून येऊ." पुलाचा कठडा खचला असं कोणी म्हणालं की बघून येऊ. स्टेशनाजवळ दोन डोक्यांचं वासरू झालंय, बघून येऊ. नगरला अमुक पुढाऱ्याच्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती, असं पेपरात आलं, तेव्हा त्यांना जाऊन येता आलं नाही याची त्यांना खरोखर हळहळ वाटली. त्यांच्या पत्नी माई म्हणत, "दूध नासलं म्हटलं तरी हे चुलीपाशी बघून येतात. मग म्हणतात, नासलंय."

भुतांच्या बाबतीत त्यांचं धोरण हेच होतं. आपल्या भागात भुतांच्या दोन वेळा ठरलेल्या आहेत, मध्यरात्र आणि भर दुपार. मास्तर नऊला झोपत. त्यामुळे त्यांनी आयुष्यभर भुतं दुपारचीच पाहायचं ठरवलं होतं. "परंपरेनंच सोय करून दिलीय," ते म्हणत, "तर गैरसोयीची वेळ आपण का घ्यायची?"

माझा पहिला शोध नदीकाठच्या पिंपळावरच्या मुंज्याचा. मी भीती गृहीत धरून गेलो होतो आणि ती वाटली तर कशी लपवायची, याचाही विचार करून ठेवला होता. मास्तरांनी वाटेत मला सावध केलं. "एक लक्षात ठेवा. कंटाळा येईल. पहिल्यांदा येणाऱ्याला याची कल्पना नसते. भुतं फार वेळ घेतात." आणि दुसरा नियम सांगितला, जो त्यांच्या सगळ्या शोधांचा कणा होता: जो पहिल्यांदा 'ते बघा' म्हणेल, त्यानं उठून जायचं आणि त्या वस्तूला हात लावून परत यायचं. या एका नियमानं बेलापूर आणि आसपासची कित्येक भुतं दिसायची थांबली होती.

आम्ही पिंपळाखाली बसलो. मास्तरांनी छत्री उघडून सावलीवर आणखी सावली केली आणि पंधरा-वीस मिनिटांत ते शांत झोपले. मला मुंगळे चावले. ऊन कलल्यावर ते उठले, धोतर झटकलं आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलांनी विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "मुंज्या घरी नव्हता."

मी परतताना वैतागून म्हणालो, "नाना, सरळ नाही म्हणून सांगा ना. मुंज्या नाहीच."

"कसं सांगू? तुमच्या खोलीवर मी दोनदा आलो, कुलूप होतं. तुम्ही नाहीच, असं मी गावात सांगितलं नाही."

त्यांचा हा सावधपणा मला तेव्हा गुळमुळीत वाटे. त्यात थोडी धार आहे हे मला कळलं ते नगरचे एक वकील आमच्याकडे आले तेव्हा. वकीलसाहेब आत्म्यांशी बोलत. त्यांच्याकडे एक गुळगुळीत पाटी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली, आणि तिच्यावरून सरकणारी चाकाची छोटी तिपाई. शाळेच्या मोठ्या खोलीत संध्याकाळच्या चहानंतर प्रयोग झाला. खिडक्यांना घोंगड्या टांगल्या. धूप होता. वकीलसाहेबांनी प्रास्ताविक केलं, त्यात सूक्ष्म देह हा शब्द इतक्यांदा आला की तो स्थूल वाटू लागला. मग त्यांनी पेशवाईतल्या एका मोठ्या मुत्सद्द्याला बोलावलं. तो आला, आणि तिपाई सरकू लागली. 'तुम्हाला शांती आहे का?' असं विचारलं. तिपाईनं अक्षरं जुळवली: वाय, ई, एस.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. मास्तरांचा हात कानामागे गेला.

"साहेब, एक शंका," ते अतिशय आदरानं म्हणाले. "या गृहस्थांचं सगळं आयुष्य मोडी लिहिण्यात गेलं. इंग्रजी त्यांना येत नसे."

वकीलसाहेब म्हणाले, "आत्म्याला भाषेचं बंधन नसतं."

"नाही, मला बरंच वाटलं," मास्तर म्हणाले. "मेल्यावरही माणूस शिकतो, ही शिक्षण खात्याला आशा वाटावी अशी गोष्ट आहे. आमच्या चौथीत अडकून पडलेली चार मुलं आहेत, त्यांच्या बापांना मी हे कळवीन."

वकीलसाहेब सकाळच्या गाडीनं गेले. मास्तर त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत गेले आणि त्यांनी वाटेत त्या तिपाईच्या चाकांचं मनापासून कौतुक केलं. मास्तरांचा कोणावर राग नसे, हे त्यांचं वैशिष्ट्य म्हणून सांगण्यासारखं आहे. मला मात्र वकिलाचा राग आला होता आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

आता ज्या भुतामुळे मास्तर लक्षात राहिले, त्याच्याकडे येतो.

गावाबाहेर नदीच्या वाटेवर एक गुळाची वखार होती. शेटजींनी ती मोठ्या हौसेनं बांधली होती आणि तिच्यावर पन्हाळी पत्रे घातले होते. बेलापुरात तोवर घरं म्हणजे धाब्याची. वर मातीचा जाड थर, त्याखाली दुपारी माणूस झोपला तर संध्याकाळपर्यंत त्याला जगाचा आवाज येत नसे. पत्रा लोकांनी स्टेशनावर लांबून पाहिला होता. त्याच्याखाली कोणी राहिलं नव्हतं. छपराचं काम चालू असताना भिकाजी नावाचा सुतार वरून खाली पडला. त्याला बैलगाडीत घालून सासुरवाडीला नेलं, आणि तो परत आला नाही. पुढे व्यापार सगळा स्टेशनाकडे सरकला, त्याबरोबर शेटजीही गेले, आणि वखार रिकामी पडली.

रिकाम्या वखारीत मग भिकाजी कामावर येऊ लागला. रोज भर दुपारी छपरावर 'ठण्ण' आवाज होई. कोणीतरी दोन-चार खिळे ठोकल्यासारखा. मग शांत. पुन्हा दिवस कलताना तसाच आवाज, थोडा हलका. अर्थ सरळ होता. भिकाजीचं काम अर्धं राहिलं होतं. दुपारी तो छपरावर चढे आणि संध्याकाळी उतरे. लोक त्या वाटेनं जाताना मान खाली घालून जात. गावात जिवंत सुतार दोन होते, आणि दोघांच्याही वेळा इतक्या पक्क्या नव्हत्या, हे मात्र कोणी बोलत नसे.

हे भूत आमच्या शाळेच्या कामात आलं ते यमुनाबाईंमुळे. यमुनाबाई मुलींच्या वर्गाच्या शिक्षिका. वय पंचविशीच्या आसपास, लहानपणीच नवरा गेलेला, दिराच्या घरी राबून राबून हट्टानं शिकल्या आणि नगरला ट्रेनिंग करून आल्या. त्यांचा वर्ग देवळाच्या ओवरीत भरे. पुजाऱ्यांच्या घरात लग्न निघालं आणि त्यांनी ओवरी परत मागितली. त्यातच शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब येऊन सांगून गेले होते की, दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींच्या वर्गाला स्वतःची जागा आणि पुरेशा मुली नसतील, तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे बाईंना पुन्हा दिराचं घर. त्यांनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा माईंना म्हणाल्या, "तिकडं गेले ना, तर पुस्तक हातात धरायचं म्हटलं तरी परवानगी घ्यावी लागेल." माईंनी ते मास्तरांना सांगितलं आणि मास्तरांनी मला.

जागा एकच होती. शेटजींनी निरोप पाठवला की, वखार खुशाल वापरा, भुताचं तुमचं तुम्ही बघा.

"बघून येऊ," मास्तर म्हणाले.

या शोधाला आम्ही चौघं होतो. मास्तर, मी, यमुनाबाई आणि गावचे पोलीस पाटील रामराव. रामराव आले कारण ते आले नाहीत तर गावानं निकाल मानला नसता. धिप्पाड माणूस, मिशा पिळदार, आणि नातीवर जीव. ती नात, सोनी, यमुनाबाईंच्या वर्गात होती. तिला तिच्या आजोबांनी वखारीत पाठवलं तर इतर मुली येणार होत्या. नाही पाठवलं, तर कोणी येणार नव्हतं. हे चौघांनाही ठाऊक होतं, आणि रामरावांना सर्वांत जास्त.

मास्तरांनी निघताना विचारलं, "सगळे जेवलेत?"

"जेवलो," रामराव म्हणाले. "पर घास उतरंना."

वखारीत गुळाचा जुना वास होता. ऊन पत्र्यावर मावत नव्हतं, ते आत झिरपल्यासारखं वाटत होतं. आम्ही पोत्यांवर बसलो. मास्तरांनी छत्री मिटून मांडीवर ठेवली. पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला, म्हणजे काहीच झालं नाही. रामरावांनी तंबाखू मळली, यमुनाबाई भिंतीकडे बघून फळा कुठं टांगता येईल ते ठरवत होत्या, मास्तरांचे डोळे जड झाले.

ठण्ण.

"त्ये ऐका," रामराव म्हणाले.

मास्तरांनी डोळे उघडले. "पाटील, तुम्ही पहिल्यांदा म्हणालात."

"मंग?"

"हात लावून यायचं."

 रामरावांनी लहानपणी कोल्ह्याच्या तोंडून शेळी सोडवली होती आणि ती हकिकत ते दर संक्रांतीला सांगत. "मास्तर, मला वाघावर धाडा," ते म्हणाले. "ह्ये न्हाई व्हायचं. माज्या घरात एकली नात हाय. मला कायी झालं तर तिचं लगीन कोन करनार?"

"नियम आहे," मास्तर म्हणाले. "पण वयाचा विचार करू. दुसरं कोणी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तोवर यमुनाबाई उठल्या होत्या. बाहेर भिंतीला शिडी होती. त्यांनी पदर खोचला.

"बाई, तुमी कशापायी?" रामराव म्हणाले.

"माझी शाळा आहे. वर कोण आहे ते मला कळायला नको का?"

त्या चढल्या. आम्ही खालून बघत होतो आणि रामरावांनी शिडी दोन्ही हातांनी अशी धरली होती की ती उखडून येईल असं वाटलं. बाईंनी वर डोकं काढलं, हात लांब केला, पत्र्याला लावला आणि चटकन मागे घेतला.

"काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"तापलंय," बाई म्हणाल्या. "काही शिजवता येईल इतकं."

 मास्तरांनी मला नदीवरून एक घागर पाणी आणायला लावलं. बाईंनी वरूनच ती पत्र्यावर ओतली. आणि लगेच, आमच्या तिघांच्या डोक्यावर, ठण्ण ठण्ण ठण्ण असा आवाज झाला, पूर्वीपेक्षा मोठा आणि चांगलाच नाराज.

मला फार आनंद झाला. मी तिथंच रामरावांना समजावून सांगायला लागलो की लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आकसतं, दुपारी तापतं, सांजेला निवतं, म्हणून दोन वेळा वाजतं, आणि पत्रे कडेला नीट ठोकलेले नाहीत म्हणून मोठ्यानं वाजतं. उपमा दिल्या. बैलगाडीच्या धावेचा दाखला दिला, जी लोहार तापवूनच चाकावर चढवतो. रामराव लक्षपूर्वक ऐकत होते. सगळं संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"पत्रा वाजतो. पटलं," ते म्हणाले. "पर वाजवतं कोन?"

"कोणी नाही. ऊन."

"आन् पानी टाकल्यावं का वरडला?"

"निवला म्हणून."

"तुमच्या अंगावर भर दुपारी कुनी घागर वतली तर तुमी वरडाल का न्हाई?"

 मास्तरांकडे पाहिलं तर ते रामरावांचं बोलणं कानामागे हात नेऊन ऐकत होते आणि त्यांना ते आवडलेलं दिसत होतं.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता, किंवा गावाला नावं ठेवून बदली मागितली असती. मास्तर त्या रविवारी भिकाजीच्या सासुरवाडीला गेले. कारण त्यांना एक साधी गोष्ट आठवली होती: भिकाजीला गाडीतून नेला हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो मेला हे कोणी पाहिलं नव्हतं. नेवाशाच्या बाजूच्या त्या खेड्यात तो त्यांना सापडला. जिवंत, थोडा लंगडत, तिफणीचे फण बसवत. मास्तर त्याला बेलापूरला घेऊन आले.

पुराव्याला जिवंत माणूस आणला की वाद संपतो, असं मला वाटत होतं. भिकाजी चावडीवर आला तेव्हा दोन बायका घागरी टाकून पळाल्या आणि एका म्हातारीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. भिकाजी भांबावला. "आवं, म्या मेलो न्हाई. पाय मोडला हुता फकस्त," तो पुनःपुन्हा सांगत होता. लोकांनी त्याला चिमटे काढून पाहिलं. शेवटी त्याला ओळखणारे दोघं-तिघं पुढे आले आणि तो तोच आहे, जिवंत आहे, एवढं मान्य झालं.

मग रामराव म्हणाले, "झ्याक झालं. भिकाजी खाली हाय. मंग वर कोन हाय?"

भिकाजीला स्वतःलाही या प्रश्नाची उत्सुकता वाटली. तो मास्तरांबरोबर वखारीत गेला, वर बघत राहिला आणि खजील होऊन म्हणाला, "कडंचं खिळं राहिल्यात, मास्तर. माजंच काम हाय. खिळं द्या, म्या आत्ता ठोकतो." पण खिळे कुठून देणार? लढाईमुळे लोखंड कंट्रोलमध्ये होतं, पत्र्याचे खिळे जिल्ह्यात दिसत नव्हते. मास्तरांनी श्रीरामपुरात, राहुरीत, नगरलाही चौकशी केली. खिळे नाहीत. दिवाळी आठवड्यावर आली.

यमुनाबाईंनी सामान आवरायला घेतलं होतं. त्यांच्या खोलीच्या दारात ट्रंक उघडी होती आणि मास्तर उंबऱ्याबाहेर उभे होते. मीही होतो. बाई पुस्तकं भरत होत्या आणि बघत मात्र आमच्याकडे नव्हत्या.

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. "भूत नाही, हे आपण गावाला पटवत बसलो. तुम्हाला भूत घालवायचं होतं की मुली बसवायच्या होत्या?"

"मुली," बाई म्हणाल्या. "भुताचं मला काही नाही. बिचारं वेळेवर तरी येतं."

मास्तर वळले आणि जरा भरभर चावडीकडे निघाले. मी मागून. रामराव तिथं होतेच.

"पाटील," मास्तर म्हणाले, "वर कोण आहे ते मला सांगता येत नाही. तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण जो कोणी आहे तो रोज येतो, वेळेवर येतो, आपलं काम करतो आणि कोणाला हात लावत नाही. मुलांच्या शाळेला घंटा आहे, शिपाई आहे. मुलींच्या वर्गाला दोन्ही नाही. मी म्हणतो, त्याला नेमून टाकू."

"नेमून?"

"मधल्या सुट्टीची घंटा त्यानं द्यायची. दुपारी वाजला की मुलींनी भाकरी खायला बाहेर जायचं."

रामरावांनी मिशीला हात लावला. गावात वर्षानुवर्षं सरकारी माणसं येत-जात होती. तलाठी, पाटाच्या पाण्याचा पाटकरी, फौजदार. त्यांच्याविषयी रामरावांचा अनुभव असा होता की, माणूस एकदा नोकरीत गेला की तो कोणाचं वाईट करायलासुद्धा आपणहून उठत नाही.

"म्हंजी ते आता तुमच्या हाताखाली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नाही. यमुनाबाईंच्या."

रामरावांच्या डोळ्यांपुढं बहुधा ती शिडी आली असावी. भर दुपारी भुताला चाचपून, वर त्याला घागरीनं आंघोळ घालून उतरलेली बाई.

"मंग हरकत न्हाई," ते म्हणाले.

मी परतताना मास्तरांना म्हणालो की, हे शास्त्राचा पराभव झाल्यासारखं वाटतं. आपण भूत खरं ठरवलं.

"ठरवलं कुठं? नेमलं," मास्तर म्हणाले. "आणि तुमचं शास्त्र तसंच आहे की पत्र्यावर. तिसरीत गेल्या की त्यांना उष्णतेचा धडा आहे. त्यांच्या त्यांना कळेल. तोवर निदान तिसरीत तरी जाऊ द्या."

दिवाळीनंतर वखारीत वर्ग भरला. पहिल्या दिवशी सोनी आली आणि तिच्याकडे बघून आणखी काही. रामराव बाहेर लिंबाखाली काठी घेऊन बसले होते, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मी मुलांचा वर्ग पाढ्यांना लावून आलो होतो. मुली पाटीकडे कमी आणि वर जास्त बघत होत्या. दुपार झाली. बाई फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होत्या.

ठण्ण.

सगळ्या पोरी दगड झाल्या. एकीच्या हातातली पेन्सिल पडली. यमुनाबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सुट्टी," त्या म्हणाल्या, आणि जोडाक्षर पुरं केलं.

 मग सोनी उठली, वर बघून हात जोडले आणि भाकरीचं फडकं घेऊन बाहेर पळाली. तिच्यामागे सगळ्या. बाहेर रामराव उठून उभे राहिले. नात हसत येतेय हे पाहिल्यावर ते खाली बसले आणि त्यांनी घाम पुसला. मास्तर कुठं होते, म्हणाल तर वखारीच्या मागच्या भिंतीच्या सावलीत, छत्री उघडून. त्यांना झोप लागली होती, असं ते म्हणाले. मला तसं दिसलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी डेप्युटीसाहेब तपासणीला आले. साहेबांचा फेटा मोठा होता आणि भाषण त्याहून. मुलींच्या वर्गात उभं राहून त्यांनी स्त्रीशिक्षण, सरकारचे उपकार आणि आपण स्वतः, या तीन विषयांवर बोलायला सुरुवात केली. ते तिसऱ्या विषयात रंगले होते तेवढ्यात छपरावर ठण्ण झालं. सगळ्या मुली एकदम उठल्या, साहेबांना नमस्कार केला आणि भाकरी घेऊन बाहेर गेल्या. साहेब हात वर केलेले तसेच उभे राहिले.

"ही घंटा कोणी दिली?" त्यांनी विचारलं.

"भिकाजीनं," यमुनाबाई म्हणाल्या.

"मुलींच्या वर्गाला शिपाई? त्याला मंजुरी कोणाची?"

मास्तरांनी हात कानामागे नेला, जणू प्रश्न नीट ऐकू आला नाही. मग म्हणाले, "बिनपगारी आहे, साहेब."

"असं होय," डेप्युटीसाहेब म्हणाले. "मग हरकत नाही."

वर्ग कायम झाला. यमुनाबाईंनी ट्रंक पुन्हा आवरायला घेतली नाही. पुढे त्या ट्रंकेत वर्गाचे खडू आणि नकाशे राहू लागले.

लढाई संपल्यावर खिळे मिळायला लागले, आणि एक दिवस भिकाजी पिशवीभर खिळे आणि हातोडा घेऊन लंगडत बेलापूरला आला. राहिलेलं काम त्याच्या मनाला लागून होतं. शिडी लावल्यावर सोनी आणि तिच्या मैत्रिणी शिडीला घेरून उभ्या राहिल्या. तोवर त्यांचा उष्णतेचा धडा होऊन गेला होता आणि पत्रा का वाजतो हे त्यांतली कोणीही घडाघडा सांगू शकत होती.

"काका, ठोकू नका," सोनी म्हणाली. "मग आम्हाला सुट्टी कोण देणार?"

भिकाजीनं मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. तो यमुनाबाईंच्या हाताखाली आहे." भिकाजी जेवून परत गेला. खिळ्यांची पिशवी त्यानं मास्तरांच्या हवाली केली, आणि ती पुष्कळ वर्षं त्यांच्या छत्रीबरोबर खुंटीला टांगलेली मी पाहिली.

स्वराज्य आल्यानंतर मी नगरला बदलून गेलो. एकदा कामासाठी श्रीरामपूरला आलो असताना वाट वाकडी करून बेलापूरला गेलो. मास्तर निवृत्त झाले होते. वखारीसमोरच्या लिंबाखाली, जिथं पूर्वी रामराव काठी घेऊन बसत, तिथं ते छत्री मांडीवर ठेवून बसले होते. कोटाची सगळी बटणं लावलेली. आतून वाचनाचा आवाज येत होता आणि मधूनच यमुनाबाईंचा, पूर्वीइतकाच करडा. वर्गाची आता शाळा झाली होती आणि बाई तिच्या मुख्याध्यापिका.

मी शेजारी बसलो. मास्तरांनी मला ओळखलं, मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. त्यांचा हात कानामागे गेला होता आणि नजर छपरावर होती.

"काय बघताय, नाना?" मी हळूच विचारलं.

"आज येतो का ते," ते म्हणाले.

आम्ही बराच वेळ बसलो. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. मुलींनी भाकरी शाळा सुटल्यावर घरी जाऊन खाल्ली.